रिकामा रकाना

४ ऑक्टोबर

सामान लागलं एकदाचं. तीन खोल्या, तिन्हींना खिडक्या आणि नळाला चक्क गरम पाणी. आधीच्या गावात अकरा वर्षं कुरकुर करत काढली, आता कुरकुरायला काही उरलं नाही, तर तुमचा वेळ कसा जायचा, असं बायको विचारते. तिला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काम मिळालंय. शाळा दहा मिनिटांवर. आमची मोठीबाई (वय वर्षं सहा, पण घरात हुकूम तिचाच) सगळं घर फिरून आली, खिडकी मोठी असलेली खोली आपली म्हणून जाहीर केली आणि आतून कडी लावून बसली. कडी काढून घ्यायला तासभर विनवण्या कराव्या लागल्या.

नवी जागा, नवी वही. रोजनिशीची सवय जुनी आहे. शाळा तपासणी कार्यालयात होतो तेव्हापासून मला कोरा कागद बघवत नाही. तिथले साहेब म्हणायचे, रिकामा रकाना म्हणजे कामचुकार माणसाची सही. अकरा वर्षांत माझ्या तक्त्यात रिकामा रकाना कुणाला सापडला नाही. याच गुणावर ही नोकरी मिळाली, असं मुलाखत घेणाऱ्यांनीच सांगितलं. उगाच नम्र कशाला व्हा?

६ ऑक्टोबर

निरीक्षण केंद्र म्हणजे काहीतरी चकचकीत, काचेचं असणार अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात शीतगृहाच्या मागची एक बुटकी, बिनखिडक्यांची इमारत. आत यंत्रांसाठी इतका गारठा ठेवतात की सगळे स्वेटर घालून बसलेले. आमच्या खोलीत दोन खुर्च्या. एकीवर ड्रोन उडवणारा बसतो, त्याला सगळे वैमानिक म्हणतात. गडी जिना चढताना कठडा सोडत नाही, उंचावर त्याला घेरी येते. ड्रोन उडतं तीनशे किलोमीटरवर, सीमेपलीकडे, शेजारच्या देशावर. दुसऱ्या खुर्चीवर मी. पडद्यावर दिसेल ते लिहायचं. आमच्या मागे साहेब उभे. उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं ऐकलं होतं, आता त्याचीच नोकरी लागली.

परराष्ट्र खात्यातल्या एक बाई आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी मला सगळं समजावलं. त्या देशाशी आपलं युद्ध नाही. उन्हाळ्यातच आपले मंत्री तिथे जाऊन करारावर सह्या करून आले, हसतानाचे फोटोही आले. पण त्यांच्या डोंगरात काही टोळ्या आहेत, त्या आपल्या चौक्यांवर रॉकेटं सोडतात आणि तिथलं सरकार कानावर हात ठेवतं. पूर्वी अशा वेळी खलिते जायचे, दूत जायचा, बैठकांत वर्ष निघायचं. सैन्य पाठवावं तर संसदेत प्रश्न, आणि शवपेट्या आल्या की आया रस्त्यावर. आता एक कागद आणि एक सही. आपलं कुणी मरत नाही म्हणून कुणी विचारतही नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं बाई म्हणाल्या. वर्षभरात अकरा वेळा गेला म्हणे.

दुपारी त्या अकरा वेळांची चित्रणं मला दाखवली. आवाज नसतो. माणूस चालत असतो, पडदा पांढरा होतो, धूर बसतो, आणि माणसाच्या जागी खड्डा असतो. आठव्या चित्रणातला एक जण उरला होता. त्याला कमरेखाली काही नव्हतं. तो हातांवर दाराकडे सरकत राहिला, पूर्ण चार मिनिटं, आणि दार गाठल्यावर थांबला. वैमानिक हे बघताना सफरचंद खात होता. मी बाहेर जाऊन ओकलो. साहेबांनी पाठीवरून हात फिरवला, पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं म्हणाले. माणूस वाईट नाही.

९ ऑक्टोबर

कालपासून खरं काम सुरू. मला एक घर दिलंय. त्या घराची सवयींची वही भरायची. पानावर दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येक रकान्यात घरातलं कोण कुठे. सलग सात दिवस सवयी सारख्या दिसल्या की वही वर जाते आणि मंजुरी येते. नियम मला आवडला. हवा तो माणूस एकटा कधी सापडतो हे त्यातून कळतं, इतरांना धक्का लागत नाही.

हवा तो माणूस म्हणजे ट्रकवाला. रॉकेटचे भाग वाहतो म्हणे. नावं आम्हाला सांगत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. घरात दोन बायका, थोरली आणि धाकटी. एक आजोबा, ते दिवसभर उन्हामागे आपली खुर्ची सरकवत असतात. पाच पोरं. सगळ्यांत लहान दोन वेण्यांची. ती बकरीला ओढते की बकरी तिला, हे अजून माझ्याच्यानं ठरलेलं नाही. साडेदहाला बायका धुण्याची गाठोडी घेऊन नदीवर जातात, पोरं शाळेत, आजोबा त्यांना सोडायला पुलापर्यंत आणि तिथेच गप्पा मारत बसतात. साडेअकरापर्यंत अंगणात ट्रकवाला एकटा, डोकं ट्रकखाली आणि पाय बाहेर. त्या घरावर घड्याळ लावावं.

घरी आल्यावर मोठीबाईच्या वेण्या मी घातल्या. वाकड्या झाल्या, पण तिने चालवून घेतल्या.

१४ ऑक्टोबर

तीन दिवस ढग. पडद्यावर नुसता कापूस. वैमानिक घिरट्या घालून कंटाळला. चार दिवसांची पानं भरलेली आणि तीन दिवसांची कोरी. साहेबांनी वही चाळली. वरून घाई आहे आणि ढग जात नाहीत, एवढंच स्वतःशी पुटपुटले.

कोरी पानं मला बघवेनात. आकाशात ढग आले म्हणून खालची माणसं काय सवयी सोडतात? चार दिवसांत पाच मिनिटांचा फरक पडला नव्हता. तेव्हा बारा, तेरा आणि आज, तिन्ही पानांवर रकान्या-रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहून टाकलं. अक्षर झकास आलं. खाली साहेबांची, वैमानिकाची आणि माझी सही झाली आणि वही संध्याकाळी वर गेली.

१५ ऑक्टोबर

नऊला मंजुरी आली. दहा पस्तीसला ढग फाटले. ट्रक जागेवर होता. ट्रकवाल्याचे पाय बाहेर. ट्रकपलीकडच्या उरलेल्या अंगणावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळी ताडपत्री ताणलेली होती. आधी ती नव्हती. मला ती दिसली, हे मी इथे लिहून ठेवतो. साहेबांनी विचारलं, बाकीचे कुठे? मी वहीवर बोट ठेवलं आणि नदीवर म्हणून सांगितलं.

पडदा पांढरा झाला.

ताडपत्री पेटून वर उडाली, आणि तिच्याखाली सगळे होते. थोरली भिंतीला टेकून बसलेली, तिला डोकं नव्हतं. आजोबांची खुर्ची उभीच राहिली, आजोबा दोन ठिकाणी पडले होते. पोरं मोजता येईनात. मोजणं तर माझंच काम, पण कुणाचं काय ते कळेना. दोन वेण्यांची पार लांब, कुंपणाच्या तारेत अडकलेली, कपडा वाळत घालावा तशी. धाकटी चालत होती. ती पेटलेली होती आणि चालत होती, एका पोरापाशी बसायची, उठायची, दुसऱ्यापाशी बसायची. तिसऱ्यापाशी बसली ती उठली नाही.

मग गल्लीतून सहा पुरुष धावत आले. त्यांच्या हातात काय आहे, असं साहेबांनी विचारलं. नक्की ओळखू येईना तेव्हा 'लांब वस्तू' म्हणायची इथे पद्धत आहे. मी तसं म्हणालो. त्यांनी त्या वस्तू ढिगाऱ्यात खुपसल्या आणि माती उपसायला लागले, तेव्हा ती फावडी होती हे मला कळलं. मी तसं सांगायला तोंड उघडलं तोवर पडदा पुन्हा पांढरा झाला होता.

घरचे नऊ आणि ते सहा. पंधरा लिहिलं.

१६ ऑक्टोबर

ढग होते म्हणजे पाऊस होता. तीन दिवस पावसात कोण नदीवर धुणं नेतं? नदीला पूर, पूल पाण्याखाली, शाळा बंद. सगळी घरात, म्हणून अंगणावर ताडपत्री. शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी रकाने भरत होतो. मी त्यांना मारलं. साहेबांना हे सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि असं पुन्हा कुणाजवळ बोलू नका म्हणाले.

१८ ऑक्टोबर

बाई दोन दिवस झोपलेल्या दिसत नाहीत. शेजारच्या देशाने पोरांचे फोटो जगभर पाठवले. आपण किती काळजी घेतली होती याचा पुरावा मंत्र्यांना हवा होता, म्हणून आज टीव्हीवर माझी वही दाखवली. सातही पानं, एकामागून एक, खाली तिघांच्या सह्या आणि नावं. केवढी शिस्त बघा, असं मंत्री म्हणाले.

बायकोने माझं अक्षर लगेच ओळखलं. हवामानाच्या बातम्यांत तिकडचा पूर तिने पाहिला होता. शेवटचे तीन दिवस तिथे पाऊस होता ना, एवढंच तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिने मोठीबाईला उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली.

२१ ऑक्टोबर

त्यांनी राजदूत परत बोलावला, आपण आपला बोलावला. सीमा बंद. करार फाटला. आणि त्यांना ड्रोन मिळालीत. कुणा तिसऱ्या देशाने आठवड्याच्या आत विकली, चालवायला माणसंही दिली. बाई सांगत होत्या, पूर्वी एवढं बिघडायला दोन-तीन वर्षं लागायची, तेवढ्यात कुणाला तरी शहाणपण सुचायचं. आता मध्ये वेळच उरत नाही. आपलं स्वस्तात होत होतं तेव्हा त्यांचंही होईल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. युद्ध नाही, असं अजूनही दोन्ही सरकारं म्हणतात. बाईंची राजधानीत बदली झालीय. दुपारी निघूनही गेल्या.

२४ ऑक्टोबर

वैमानिक गेला. रोज सकाळी आठ ते सव्वाआठ तो फाटकात गाडी धुतो. आज आठ वाजून दहा मिनिटांनी. मी धावत गेलो तेव्हा नळी तशीच वाहत होती. अंगाचा वरचा भाग गाडीच्या टपावर, पाय बादलीपाशी, रबरी चपला अजून पायांत. त्याची बायको पायरीवर बसून पाण्याकडे बघत होती. पाणी लाल येतंय, नळ बंद करा, असं ती मला शांतपणे म्हणाली. मी नळ बंद केला.

दुपारी हमरस्त्यावरचा पूल पाडला. बस बंद. केंद्राच्या माणसांनी गाव सोडायचं नाही असा हुकूम.

२६ ऑक्टोबर

साहेब. सात वाजता पावाच्या दुकानापाशी, रांगेत. ते रोज सातलाच पाव आणतात. त्यांच्यासोबत रांगेतले चौदा जण. बायकोच्या दुकानात जखमी आले. एकाने स्वतःचा तुटलेला हात पिशवीतून आणला होता, हा परत बसेल का, असं तो विचारत होता. उत्तर मिळायच्या आत मेला. बायको घरी आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत कडक झाल्या होत्या.

तीन सह्या होत्या. आता मी एकटा राहिलो.

२७ ऑक्टोबर

आवाज येतो. शेजारच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावं तसा. चहा पिताना, दाढी करताना येतो. खिडकीतून बघितलं तर काही दिसत नाही.

तिकडे कुणीतरी खुर्चीत बसून माझी वही भरतोय. आमच्याकडूनच शिकलेत, आम्ही तर टीव्हीवर शिकवलं. मी किती वाजता उठतो, मोठीबाईला किती वाजता —

त्याच्या वहीत तिचं नाव काय असेल?

२८ ऑक्टोबर

सगळ्या सवयी मोडल्या. पाच वाजता बाहेर पडलो, मागच्या दाराने आत आलो, उलट्या रस्त्याने गेलो. मग आठवलं, अचानक सवय बदलणारा माणूस म्हणजे नक्की काहीतरी लपवणारा, असा शेरा आम्हीच मारायचो.

बायको ओरडली. दहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली, ते ओरडूनच. मी घरात असेन तर घर जाईल, आणि घरात पोर आहे. खरं आहे. मी असेन तिथे पडणार, मी फक्त जागा ठरवू शकतो.

३० ऑक्टोबर

ठरवलं. दोघींना शाळेच्या तळघरात हलवलं. तिथे चाळीसेक माणसं आहेत, पाणी आहे, बायको दुकानात गेली की बघायला एक शेजारीण आहे. साहेब गेल्यापासून केंद्र बंद आहे, तिथल्या रिकाम्या इमारतीत मी झोपतो. आणि रोज साडेदहा ते साडेअकरा खेळाच्या मैदानावर, सिमेंटच्या पायऱ्यांवर, एकटा. चहूबाजूंनी दोनशे पावलं कुणी नाही. वही घेऊन बसतो, मी ओळखू यावा म्हणून.

सात दिवस द्यायचे त्याला. स्वच्छ. त्याने मला एकट्याला उचलावं, बस्स. बायकोला सांगितलं. तिने बराच वेळ माझा हात सोडला नाही.

१ नोव्हेंबर

तिसरा दिवस. आकाश निळं. आवाज डोक्यावर, लांब जात नाही.

बाजारात आज पडलं. कुणासाठी होतं कळलं नाही. मैदानाच्या वाटेवर एक बूट पडलेला होता, आत पाऊल होतं. ओलांडून गेलो. साडेदहाला पोचायला हवं.

३ नोव्हेंबर

पाचवा. बसतो, लिहितो. मोठीबाईला पाच दिवस पाहिलेलं नाही. ती शेजारणीला म्हणाली म्हणे, बाबा मला घाबरून लपलेत.

४ नोव्हेंबर

ढग. जाड, खाली आलेले. वरचा मला बघू शकत नाही, तरी मी मैदानावर आलो. आणि मग राहवेना — बायकोला निरोप धाडला. दोघी आल्या. मोठीबाई एक तास पायऱ्यांवर उड्या मारत होती. खरचटलेलं ढोपर दाखवलं, दोनदा. तिला एक नियम सांगितला. ढग असले की बाबा मैदानात भेटतात, ऊन असलं की अजिबात नाही. तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

५ नोव्हेंबर

ढग. आल्या. हसलो तिघं, कशावर ते आठवत नाही.

त्या दोघी गेल्यावर ध्यानात आलं. तिकडच्या वहीत काल आणि आज — दोन पानं कोरी असणार. तो काय करेल? पलीकडच्या कारकुना, तू मला ओळखत नाहीस, तरी ऐक. नाही दिसलं असं लिही. नाही दिसलं म्हणणं लाजेचं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं — नाही, मला माहीत होतं. तू तरी —

६ नोव्हेंबर

सकाळी ढग. मी नऊलाच आलो. निरोप धाडला नाही. आज सात दिवस पुरे झालेत, आज कुणी नको. बायको दुकानात, बाजारातले जखमी अजून आहेत. मोठीबाई तळघरात शेजारणीपाशी.

दहा. ढग आहेत.

दहा वीस. पश्चिमेला फट. ऊन पायऱ्यांवर आलं.

साडेदहा. निळं. सगळं निळं. आवाज खाली आलाय, इतका खाली कधी नव्हता. बरं आहे. मी एकटा आहे, घे.

फाटकात कुणीतरी —

मोठीबाई. एकटी. मूठ मिटलेली, काहीतरी दाखवायला आणतेय —

निघाली तेव्हा ढग होते. तिचं चुकलं नाही. मीच सांगितलं —

पळालो तर खेळ समजून मागे पळेल. बसलो तर इथेच येईल. ओरडलो, दोनशे पावलं, ऐकू जात नाही —

वर बघून तिच्याकडे बोट दाखवतोय. बघ. बघ रे. पोर आहे, लिही, वहीतून डोकं काढ आणि खाली —

दोन्ही हात हलवले, परत जा, परत जा —

तिनेही दोन्ही हात हलवले, आणि पळत